छत बघण्याचा दाखला

नीवेस गेल्याचं गावाला कळलं, त्याच दिवशी तिचं खरं वयही गावाला कळलं.

पो नदीच्या काठच्या त्या गावांमध्ये कोणी वारलं की छापील कागद भिंतीवर लावतात. नाव, वय, मागे कोण आहे, दफन किती वाजता. बोर्गोफोसा गावात हा कागद लागतो लोरेदानाच्या बारसमोरच्या भिंतीवर, म्हणजे सकाळची कॉफी पिता पिता कोण कमी झालं ते कळतं. एर्मेस बुल्गारेल्लीनं छापखान्यात बायकोचं ओळखपत्र दिलं. ओळखपत्रावर जे होतं ते त्यांनी छापलं. वय वर्षं चौऱ्याहत्तर.

नीवेस सगळ्यांना एकाहत्तर सांगायची. ही तीन वर्षं तिनं अर्धं आयुष्य डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. दुपारपर्यंत जो तो एर्मेसला मिठी मारायला आला, दोन मिनिटं गप्प उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "चौऱ्याहत्तर?"

वरच्या मजल्यावरच्या झायराबाईंना तर दोन धक्के एकदम बसले. "म्हणजे ती माझ्याहून वर्षानं मोठी होती!" त्या रडता रडता म्हणाल्या. "आणि मी तिला धाकटी समजून इतकी वर्षं जिन्यावरून माझ्या पिशव्या उचलायला लावल्या. तिनं एकदा तरी बोलायचं होतं रे, एर्मेस."

बायकोला जाऊन एक दिवस झाला नव्हता आणि एर्मेसच्या हातून पहिली चूक झाली होती. ती असती तर आठ दिवस बोलली नसती. पुढे थडग्याचा दगड करताना त्यानं जन्माचं साल घालू दिलं नाही. पाथरवट म्हणाला, असं दिसायला बरं नाही. एर्मेस म्हणाला, "तिला चालेल."

एर्मेसनं अडतीस वर्षं पाण्याचे दरवाजे सांभाळले. तिथली जमीन नदीपेक्षा खाली आहे. पाऊस झाला की पंप चालू करून पाणी कालव्यात आणि कालव्यातून नदीत टाकावं लागतं, नाहीतर बीट, भोपळे आणि माणसं एकाच उंचीवर तरंगायला लागतात. तेव्हा कोणीतरी दरवाज्यापाशी असावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे एर्मेस. याच कारणानं तो कधी मांतोव्हाला गेला नाही.

मांतोव्हा तिथून एकतीस किलोमीटर. नीवेस शाळेत असताना एकदा सहलीला गेली होती. तिथल्या राजवाड्यात एक रंगवलेली खोली आहे, नवरा-बायकोची खोली म्हणतात तिला. छताच्या मधोमध एक गोल रंगवलाय, जणू छताला भोक पडून आभाळ दिसतंय, आणि त्या भोकाच्या कठड्यावरून माणसं खाली वाकून आपल्याकडे बघतायत. हे नीवेसनं त्याला लग्नाआधी सांगितलं. आणि हेही सांगितलं, की त्यातला एक चेहरा हुबेहूब तुझा आहे.

"कुठला?"

"ये आणि बघ."

"मांतोव्हा काय पळून जातंय?" एर्मेस म्हणाला होता. हे वाक्य त्यानं नंतर दरवर्षी दोनदा तरी म्हटलं. पाऊस असला की पंप असायचे, पाऊस नसला की पंपांची दुरुस्ती असायची. निवृत्त झाल्यावर दोन्ही नव्हतं, पण तोवर न जाण्याची सवय झाली होती. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, त्यानं विचारलं, "कुठला चेहरा ते आता तरी सांग."

"आता तर मुळीच नाही," नीवेस म्हणाली.

मार्चमध्ये ती गेली. मांतोव्हा कुठं गेलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी एर्मेसनं ठरवलं, की एखाद्या मंगळवारी बसनं जायचं, चेहरा बघायचा आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचं. यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. फक्त बसचं वेळापत्रक गावात एकाच ठिकाणी लावलेलं आहे, लोरेदानाच्या बारमध्ये, कॉफीच्या यंत्राशेजारी. ते बघायला तो उभा राहिला आणि तिथंच सगळं बिघडलं.

"मांतोव्हा?" लोरेदानानं यंत्रामागून विचारलं. बार तिचा बापाच्या वेळेपासूनचा, आणि गावातल्या लोकांचे बेत आपल्याला आधी कळावेत हा तिचा हक्कही तेव्हापासूनचा. "दवाखान्यात?"

"नाही."

"कोर्टात?"

"नाही."

"मग बूट घ्यायला. बघू बरं... हो, घ्यायलाच हवेत."

"चित्र बघायला."

पत्ते खेळणाऱ्यांचे हात थांबले. बोर्गोफोसामधून चित्र बघायला मांतोव्हाला कोणी गेल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"नवरा-बायकोच्या खोलीतलं ना?" लोरेदाना म्हणाली. "आणि तू तिथं एकटा जाणार? नवरा-बायकोच्या खोलीत? लोक काय म्हणतील? उभा राहशील कोपऱ्यात छत्रीसारखा. मी येते."

"कशाला?"

"मलाही बघायचंय. आणि एवढीच घाई असेल तर थांब, फोनवर दाखवते."

एर्मेसनं डोळ्यांवर हात ठेवला. भर बारमध्ये, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. "नको. तिनं 'ये आणि बघ' म्हटलं होतं."

संध्याकाळपर्यंत जाणारे अकरा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअरसाहेब आले.

सर्व्हेअरसाहेब म्हणजे आर्तेमियो पानीत्सा. त्यांनी शेवटची जमीन मोजली त्याला वीस वर्षं झाली, पण त्या देशात पदवी एकदा चिकटली की माणूस मेल्यावर भिंतीवरच्या कागदावरही नावाआधी येते. ते पेन्शनरांच्या क्लबचे अध्यक्ष होते. त्यांनी एर्मेसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे व्यवस्थित व्हायला हवं."

व्यवस्थित म्हणजे ठराव. ठराव झाला: क्लबतर्फे मांतोव्हा येथे कला, भोजन व संस्कृती सहल. सूचक पानीत्सा, अनुमोदक पानीत्साबाई. मग कुणाच्यातरी लक्षात आलं, की ज्याच्यामुळे सहल निघाली तो एर्मेस क्लबचा सदस्यच नाही.

"असं कसं? आमचं कार्ड आहे," एर्मेस म्हणाला.

सर्व्हेअरसाहेबांनी वही काढली. "कार्ड नीवेसच्या नावावर. तू तिच्यामार्फत, कुटुंब म्हणून. आता कसं आहे, एर्मेस, वाईट वाटून घेऊ नकोस. नियमाप्रमाणे ती गेली तेव्हा तूही गेलास."

एर्मेसला वाईट वाटलं नाही. मार्चपासून त्याला स्वतःबद्दल असंच वाटत होतं. फक्त ते कुठे नोंदलेलं आहे हे माहीत नव्हतं.

नव्या सदस्यत्वाला दोन जामीन, एक फोटो आणि डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरचा दाखला अशासाठी, की क्लब काही सवलतींसाठी क्रीडामंडळ म्हणून नोंदवलेला आहे, आणि त्यामुळे त्याच्या सगळ्या सहली कागदोपत्री 'हलका पायी व्यायाम' असतात. एर्मेसनं म्हटलं, आपण बसनं जाणार आणि जेवणार. सर्व्हेअरसाहेब म्हणाले, "जेवणापर्यंत चालत जाणार ना?"

म्हणून चित्र बघायला निघालेला एर्मेस एका गुरुवारी उघड्या छातीवर तारा लावून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आडवा पडला.

"कसला खेळ?" त्यांनी विचारलं. नवीन होत्या, शहरातून आलेल्या.

"वर बघायचंय."

"वर?"

"छताकडे."

"किती वेळ?"

"चेहरा सापडेपर्यंत."

डॉक्टरीणबाईंनी त्याचं हृदय पुन्हा एकदा ऐकलं, मग डोक्यापाशी येऊन त्याची मान धरून डावी-उजवीकडे फिरवली. ती दारासारखी वाजली. "हृदय ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मान ठीक नाही. डोकं मागे टाकलंत तर चक्कर येईल. वर बघायचंच असेल तर थोडं थोडं." आणि त्यांनी प्रामाणिकपणे तसंच लिहून दिलं: चालण्यास सक्षम; वर बघण्यास मर्यादित प्रमाणात सक्षम. खाली सही, शिक्का.

हा दाखला बारमध्ये हातोहात फिरला. प्रत्येकाकडे उपाय होता. एकानं गळ्याचा पट्टा सुचवला. एकानं सांगितलं, जमिनीवर सरळ उताणं पड, कोण हटकणार आहे म्हाताऱ्याला. झायराबाईंचा उपाय सगळ्यात साधा होता. "आरसा घे. नीवेसचा हातातला आरसा आहे ना? तो असा पोटापाशी आडवा धरायचा आणि खाली बघायचं. छत आपोआप दिसतं. माझी बहीण सगळी देवळं अशीच बघते."

नीवेसचा आरसा तिच्या खणात होता. तो खण मार्चपासून उघडला नव्हता. एर्मेसनं तो उघडला, आरसा घेतला आणि लगेच बंद केला. त्यात अजून तिच्या पावडरचा वास होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यावरही उपाय आले असते.

सहल नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी निघाली. त्रेपन्न माणसं. एवढ्या माणसांची बस फुकट कशी, हा प्रश्न एर्मेसच्या मनात आला होता. पण फुकट गोष्टीबद्दल प्रश्न विचारणं त्या गावात उद्धटपणाचं समजतात.

धुकं असं होतं, की ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघितला. पहिल्या दहा किलोमीटरला तास लागला. झायराबाई एर्मेसच्या शेजारी बसल्या होत्या आणि त्याला उकडलेली अंडी भरवायचा प्रयत्न करत होत्या. शेवटी बस थांबली. सर्व्हेअरसाहेबांनी जाहीर केलं, "मांतोव्हा!" सगळे उतरले. समोर एक लांबट गोदामासारखं हॉटेल होतं आणि आत साठ खुर्च्या, एक माइक आणि एक गादी.

बस गादीच्या कंपनीची होती.

"अर्ध्या तासाचं काम," सर्व्हेअरसाहेब म्हणाले. "बसायचं, ऐकायचं. विकत घ्यायचं बंधन नाही."

गादी विकणारा तरतरीत होता. त्यानं लोकर दाखवली, स्प्रिंग दाखवल्या, पाठीचा कणा दाखवला. मग तो म्हणाला, "आता एखादं जोडपं पुढे येऊ दे. तुम्ही! पहिल्या रांगेतले. आत आल्यापासून बघतोय, काकू काकांना किती प्रेमानं अंडं सोलून देतायत."

"अहो, आम्ही नाही..." एर्मेस म्हणाला.

"लाजतायत!" गादीवाला म्हणाला. आणि बोर्गोफोसाच्या एकावन्न माणसांनी, ज्यांना सगळं माहीत होतं, टाळ्या वाजवल्या.

आपल्या बायकोच्या नावाचा कागद भिंतीवर लागून आठ महिने झाले असताना एर्मेस बुल्गारेल्ली, निवृत्त जलरक्षक, कोट आणि बूट घालून, झायराबाईंच्या शेजारी एका पांघरुणाखाली झोपला. त्यानं छताकडे बघितलं. छत पत्र्याचं होतं. गादीवाल्यानं दोघांच्या मधोमध पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला आणि सांगितलं, की आता काका कूस बदलतील, पण या गादीवर काकूंना ते कळणारसुद्धा नाही आणि ग्लासातला थेंबही हलणार नाही.

एर्मेसनं कूस बदलली. ग्लास आडवा झाला आणि सगळं पाणी झायराबाईंच्या अंगावर गेलं.

अडतीस वर्षांत त्याच्या हातून एक बादली पाणी कधी चुकीच्या बाजूला गेलं नव्हतं.

"काका जरा जोरात वळले," गादीवाला म्हणाला.

"जोरात?" झायराबाई स्कर्ट पिळत उठल्या. "नीवेस म्हणायचीच. हा कूस बदलतो तेव्हा गोठ्यात म्हैस उठल्यासारखं वाटतं!"

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. एर्मेस गादीवर बसून राहिला. नीवेसनं हे झायराबाईंना सांगितलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला राग यायला हवा होता. पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिनं बोललेलं नवं काहीतरी त्याच्या कानावर पडलं होतं, म्हणून तो आणखी थोडा वेळ बसला, न जाणो आणखी काही निघालं तर. निघालं नाही. सर्व्हेअरसाहेबांनी मात्र गादी घेतली. दुहेरी.

या सगळ्यात साडेअकरा वाजले. खोलीची वेळ चारला वीस मिनिटं कमी असताना होती; एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात आणि थोडीच मिनिटं. "भरपूर वेळ आहे," सर्व्हेअरसाहेब म्हणाले. "आधी जेवू. रिकाम्या पोटी कला अंगी लागत नाही."

जेवणाची जागा मांतोव्हाच्या चौकाजवळ होती, कमानीखाली, आत मोठी शेकोटी. तिथं पहिला खोळंबा झायराबाईंनी केला. तोर्तेल्ली आले, म्हणजे भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्याच्या करंज्या. त्यांनी एक तोंडात घातला, काटा खाली ठेवला आणि स्वयंपाकिणीला बोलावलं.

"यात बिस्किट आहे."

"बदामाचं बिस्किट, हो बाई. आणि मोहरी घातलेल्या फळांचा मुरांबा. मांतोव्हाचे तोर्तेल्ली असेच असतात."

"आम्ही नदीपलीकडे बिस्किट चहात बुडवतो."

"आम्ही नदीपलीकडे काय करतात ते बघायला जात नाही."

वीस मिनिटं दोघी एकमेकींच्या आज्यांबद्दल बोलल्या. एर्मेस घड्याळ बघत होता. त्याच्या घरात दोन्ही होते: त्याच्या आईचे बिनबिस्किटाचे आणि नीवेसच्या आईचे बिस्किटाचे. नीवेस एका ताटात दोन्ही वाढायची आणि दोन्ही घरांची तोंडं बंद ठेवायची. हे त्यानं सांगून बघितलं. दोघी एकदम म्हणाल्या, "तुम्ही मध्ये पडू नका."

मग गरम रस्सा आला, आणि रश्शाबरोबर लांब्रुस्को वाइनचे जग.

इथं एक रीत आहे. जेवणाच्या सुरुवातीला, निदान थंडीत, वाटीभर उकळत्या रश्शात लाल वाइन ओतायची आणि ते प्यायचं. टेबलाशी बसून नाही. उठायचं, जेवणाऱ्यांकडे पाठ करायची, शेकोटीकडे तोंड करून उभ्यानं, वाटी तोंडाला लावून. पुरुष हे असंच पितात आणि का असं पितात ते कुणी विचारत नाही. नीवेसला ते आवडायचं नाही. "गोठ्यात पाणी पाजल्यासारखं," ती म्हणायची. म्हशीची उपमा तिथूनच आली असावी.

त्या दिवशी रस्सा तोर्तेल्लीनंतर आला, कारण आधी भांडण झालं. पण रीत ती रीत. अठरा म्हातारे वाट्या घेऊन उठले आणि शेकोटीकडे तोंड करून ओळीनं उभे राहिले. एर्मेसला जायचं नव्हतं. "एर्मेस!" सर्व्हेअरसाहेबांनी हाक मारली. "नीवेसच्या नावानं!" आता नाही कसं म्हणणार? तिला न आवडणारी गोष्ट तिच्या नावानं करायला तो उठला.

वाफेनं चष्मा धुरकटला. त्यानं तो काढला, पुसला, पुन्हा धुरकटला. मग त्यानं तो काढून शेकोटीवरच्या फळीवर ठेवला आणि वाटी तोंडाला लावली. रस्सा चांगला होता. तो आणखी एक वाटी प्यायला. कुणीतरी म्हणालं, "नीवेस फार चांगली बाई होती." त्यानं तिसरी घेतली.

"साडेतीन!" लोरेदाना दारातून ओरडली.

त्यानंतरची दहा मिनिटं मांतोव्हाच्या चौकातल्या लोकांनी बघितली. त्रेपन्न पेन्शनर, गोट्यांच्या फरशीवरून, हातात नॅपकिनमध्ये बांधलेला केक, सगळ्यांत पुढे सर्व्हेअरसाहेब. कागदोपत्री जो हलका पायी व्यायाम होता तो शेवटी झाला. राजवाड्याच्या दारात तिकिटं बघणारी बाई सौजन्यानं वागली. तिनं यादी तपासली आणि सांगितलं, वेळेत आहात, थोडे थोडे आत जा. एर्मेसनं तिला आपला दाखलाही दिला. तिनं मागितला नव्हता. तिनं तो पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "थोडं थोडं बघा, साहेब." हा त्या दिवसातला एकमेव माणूस, ज्यानं एर्मेसला हवं ते केलं.

पहिल्या तुकडीत एर्मेस, झायराबाई, लोरेदाना, सर्व्हेअरसाहेब आणि आणखी काही जण. अनेक दालनं, जिने, उतार. एकतीस किलोमीटर आणि पन्नास वर्षं. मग एक दार, आणि ती खोली.

खोली अपेक्षेपेक्षा लहान होती. एर्मेसनं कोटाच्या खिशात हात घातला आणि चष्म्याची डबी काढली. डबी हलकी लागली. त्यानं ती उघडली.

"काय रे?" झायराबाईंनी विचारलं.

"चष्मा शेकोटीवर राहिला."

एर्मेसला जवळचं दिसतं. हाताच्या अंतरापर्यंत तो सुईत दोरा ओवू शकतो. त्यापुढे जग म्हणजे बोर्गोफोसाचं धुकं; बाहेरही धुकंच होतं, म्हणून इथवर कळलं नव्हतं. त्यानं मर्यादित प्रमाणात वर बघितलं. निळा ठिपका होता. ठिपक्याभोवती फिकट गोळे होते.

"माझा घे," झायराबाई म्हणाल्या आणि आपला लावून दिला. तो वाचायचा होता. गोळे मोठे झाले. त्यानं तो काढून परत दिला.

तेवढ्यात लोरेदाना ओरडली, "तीच! बाई गं, तीच मी! हातात फणी घेतलेली!"

"काय तू?" एर्मेस म्हणाला.

"नीवेसनं सांगितलं होतं. छतावर एक बाई आहे, हातात फणी, हुबेहूब तू. खरंच माझं नाक आहे की!"

झायराबाई तोंडावर हात ठेवून वर बघत होत्या. "आणि ती हसणारी मी," त्या हळूच म्हणाल्या. "मला पण सांगितलं होतं. मला वाटायचं फक्त मलाच."

सर्व्हेअरसाहेब खाकरले. "मला ती म्हणाली होती, मोर."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी वर बघितलं. मोर होता म्हणतात, आणि तो तसाच उभा होता, छाती काढून.

"बापरे," लोरेदाना म्हणाली. "अगदी मोर."

एर्मेस मधोमध उभा होता. पन्नास वर्षं त्याला वाटत होतं, की हे त्या दोघांमधलं आहे. आणि नीवेसनं अर्ध्या गावाला त्या छतावर बसवून ठेवलं होतं.

"आणि मी?" त्यानं विचारलं. "मी कोण?"

सगळे वर बघत राहिले. मग एकमेकांकडे बघितलं.

"ती कठड्यावर उभी असलेली उघडी पोरं आहेत," लोरेदाना म्हणाली. "एकाचं नुसतं ढुंगण दिसतंय. तू तो असशील."

"गप गं," झायराबाई म्हणाल्या. "एर्मेस, खरं सांगू? मी विचारलं होतं तिला. मग एर्मेस कुठला? तर म्हणाली, ते त्याला मी स्वतः दाखवणार आहे."

"मलाही तेच म्हणाली," लोरेदाना म्हणाली.

सर्व्हेअरसाहेबांनी नुसती मान हलवली. म्हणजे त्यांनीही विचारलं होतं.

दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला, "शेवटचं एक मिनिट, मंडळी."

एर्मेसला आरसा आठवला. तो त्यानं काढला, झायराबाईंच्या बहिणीसारखा पोटापाशी आडवा धरला आणि खाली बघितलं. मान दुखली नाही. आरशात निळं आभाळ आलं, आणि त्याभोवती ते फिकट गोळे, धुक्यात हरवलेले. लोरेदाना, झायराबाई, मोर, सगळे तिथंच कुठेतरी. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, कठड्यावरून वाकून खाली बघावं तसा, एकच चेहरा स्वच्छ दिसत होता. म्हातारा, नाकावर चष्म्याचे वळ, हनुवटीला रश्शाचा डाग.

तो हुबेहूब त्याच्यासारखा होता. पण शाळेतल्या नीवेसनं हा बघितला असणं शक्य नव्हतं, तेव्हा हा तो नव्हे, हे एर्मेसला समजत होतं. तरी मिनिट संपेपर्यंत त्यानं आरसा खाली ठेवला नाही. मग त्यानं बाहीनं हनुवटी पुसली आणि दुसऱ्या तुकडीला वाट करून दिली.

परतीच्या बसमध्ये चष्म्यासाठी मागे वळायचं की नाही यावर मतं पडली. बसच्या मधल्या वाटेत सर्व्हेअरसाहेबांची गादी असल्यामुळे कोणी नीट उभं राहू शकत नव्हतं, म्हणून ठराव झाला नाही. लोरेदाना म्हणाली, आता तरी फोनवर बघ. तो नको म्हणाला. या वेळी कोणी वाद घातला नाही.

आठ दिवसांनी टपालानं चष्मा आला, कागदात गुंडाळलेला, बरोबर केकचा तुकडा आणि स्वयंपाकिणीची चिठ्ठी, नदीपलीकडच्या बाईंना बिस्किटाबद्दल एक सूचना देणारी. झायराबाई उत्तर लिहीत आहेत.

आरसा एर्मेसनं खणात परत ठेवला. खण आता तो रोज उघडतो. क्लबचं नवं कार्ड त्याच्या नावावर आहे. डॉक्टरांचा दाखला एक वर्ष चालतो. मांतोव्हाची बस मंगळवारी आणि शुक्रवारी आहे, सकाळी सात चाळीसला, लोरेदानाच्या बारसमोरून. एर्मेस अजून पुन्हा गेलेला नाही. छतावरचा त्याचा चेहरा अजून बघायचा राहिला आहे.